क्रूझवरचा पहिला करार : इंदूरहून निघण्यापूर्वीचे काही प्रश्न

सुदामानगरची (इंदूर) :

नमस्कार. माझे वय २४ वर्षे आहे. हॉटेल व्यवस्थापनाचे शिक्षण झाल्यावर मी येथील विजयनगर भागातल्या एका हॉटेलात दोन वर्षे रेस्टॉरंटमध्ये काम केले. नुकतीच एका परदेशी क्रूझ कंपनीसाठी असिस्टंट वेट्रेस म्हणून माझी निवड झाली असून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात मायामीला जहाजावर रुजू व्हायचे आहे. करार आठ महिन्यांचा आहे आणि जहाज कॅरिबियन समुद्रात सात-सात दिवसांच्या फेऱ्या करते. सुरक्षिततेचे प्राथमिक अभ्यासक्रम, म्हणजे जीवरक्षण, अग्निशमन, प्रथमोपचार वगैरे, मी पावसाळ्यात मुंबईला राहून पूर्ण केले आहेत. तोपर्यंत मी पाहिलेले सर्वांत मोठे पाणी म्हणजे यशवंत सागर आणि महेश्वरच्या घाटावरची नर्मदा.

घरात कोणीही कधी जहाजावर नोकरी केलेली नाही, त्यामुळे विचारायला माणूस नाही. आंतरजालावर जे व्हिडिओ सापडतात त्यांत एक तर निळा समुद्र आणि क्रूच्या पार्ट्या दिसतात, नाही तर कोणी तरी रडताना दिसते. कामाचा दिवस कसा जातो हे त्यांतून कळत नाही. पहिल्या काही आठवड्यांत नेमके काय घडते आणि कशाची तयारी ठेवावी, हे अनुभवी माणसांनी सांगावे. करारात आठवड्याचे सातही दिवस काम असल्याचे लिहिले आहे, ते शब्दशः घ्यायचे का? शिवाय, ज्या एजंटामार्फत मुलाखत झाली तो आता 'प्रक्रिया शुल्क' म्हणून ऐंशी हजार रुपये मागत आहे. बाबांचे म्हणणे असे की, पैसे देऊन मिळते ती नोकरी कसली. मला त्यांचे पटते आहे, पण हातची संधी जाईल याचीही भीती वाटते.


रामबागेतला जुना स्टुअर्ड (इंदूर) :

आधी पैशांचे बोलू, कारण बाकी सर्व गोष्टी जहाजावर गेल्यावरही शिकता येतात, ही मात्र येथेच निस्तरावी लागते. तुमच्या वडिलांचे म्हणणे नुसते व्यवहारज्ञान नाही, तो नियमही आहे. सागरी कामगारांसाठी २००६ साली जो आंतरराष्ट्रीय करार झाला आणि ज्याला भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली, त्यानुसार नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून शुल्क घेता येत नाही. पासपोर्ट, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि सीडीसी (खलाशाची अधिकृत नोंदपुस्तिका) यांचा खर्च आपण करायचा असतो. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजाच्या मालकाने करावा असे त्यात म्हटले आहे. येथे 'खलाशी' या शब्दात वेटर, स्टुअर्ड, आचारी सगळे येतात. मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाने परवाना दिलेल्या भरती संस्थांना आरपीएसएल क्रमांक असतो आणि तो महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. एजंटाला हा क्रमांक लेखी विचारा. त्याने सांगितलेला क्रमांक दुसऱ्याच संस्थेचा निघाला, किंवा 'आम्ही त्यांचे सब-एजंट आहोत' असे उत्तर आले, तर थेट त्या परवानाधारक संस्थेला ई-मेल करून तुमची निवड त्यांच्या यादीत आहे का, एवढेच विचारा. निवड खरी असेल तर ती ऐंशी हजारांवाचूनही खरीच राहील. मी स्वतः २००४ साली एका माणसाला चाळीस हजार दिले होते आणि पुढे जहाजावर गेल्यावर कळले की माझ्याच केबिनमधल्या मुलाने एक रुपयाही दिला नव्हता. तो मुलगा ही गोष्ट मला करार संपेपर्यंत आठवण करून देत असे.

आता जहाजाकडे येतो. मी २००४ ते २०१७ या काळात नऊ करार केले, सगळे हाउसकीपिंगमध्ये. पहिल्या दिवशी गँगवेवरून (धक्क्यावरून जहाजात जाण्याच्या वाटेने) आत शिरल्यावर पासपोर्ट क्रू ऑफिसात जमा होतो, फोटो काढून ओळखपत्र मिळते, गणवेश आणि केबिनची किल्ली हातात पडते आणि लगेच कोणी तरी तुम्हाला सुरक्षा प्रशिक्षणाच्या खोलीत नेऊन बसवते. दोन विमाने बदलून आलेल्या माणसाला त्या वेळी फक्त झोप हवी असते. पण त्याच संध्याकाळी तुम्ही डायनिंग रूममध्ये उभ्या असाल, ही शक्यता धरूनच चला. प्रवासी उतरून नवे प्रवासी चढण्याचा जो दिवस असतो, त्याच दिवशी क्रूही बदलतो आणि तो सगळ्या आठवड्यातला सर्वांत धावपळीचा दिवस असतो, त्यामुळे नव्या माणसाकडे पाहायला कोणाला सवड नसते. ते मनाला लावून घेऊ नका.

मोठ्या जहाजाच्या खालच्या मजल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक लांब, रुंद रस्ता असतो. अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर त्याला आय-९५ म्हणतात. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या महामार्गाचे ते नाव आहे. माल, कचरा, सामानाच्या ट्रॉल्या, अधिकारी, आचारी, सगळे तेथूनच जातात. पहिला आठवडा तुम्ही दर वेळी हरवाल, आणि हरवलात की या रस्त्यावर परत यायचे व तेथून पुन्हा जिना शोधायचा. आपल्याकडे पत्ता सांगताना जसे 'राजवाड्यापासून' सुरुवात करतात तसेच हे आहे.

एक गोष्ट हॉटेलातून येणाऱ्या मुलांना उशिरा समजते, ती आधीच सांगतो. तुमच्या नेमणूकपत्रावर असिस्टंट वेट्रेस असे लिहिले असले तरी जहाजाच्या लेखी तुम्ही आधी खलाशी आहात आणि मग वेट्रेस. प्रत्येकाला एक आपत्कालीन क्रमांक आणि त्याला जोडलेले एक काम मिळते. डायनिंगच्या मुलामुलींना बहुधा जिन्यावर उभे राहून प्रवाशांना वाट दाखवणे, जमण्याच्या ठिकाणी मोजणी करणे किंवा लाइफजॅकेट नीट बांधून देणे, असे काम येते. सात छोटे आणि एक लांब भोंगा झाला की हातातला ट्रे ठेवून तेथे जायचे. प्रत्येक कर्मचाऱ्याने महिन्यातून किमान एकदा आगीच्या आणि एकदा जहाज सोडण्याच्या सरावात भाग घेतलाच पाहिजे, असा सोलास या सागरी सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातील नियम आहे. हा सराव बहुधा जहाज बंदरात असताना आणि नेमका तुमच्या सुट्टीच्या तासांत येतो, म्हणून मुले त्याला कंटाळतात. मीही कंटाळत असे. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडले आणि ३२ माणसे गेली. त्या दिवशी चढलेल्या कितीतरी प्रवाशांचा सराव झालेला नव्हता, कारण तेव्हा त्यासाठी चोवीस तासांची मुभा होती. आता सराव जहाज निघण्यापूर्वी किंवा निघताच घ्यावा लागतो. मृतांपैकी ज्याचे अवशेष सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये सापडले, तो आपल्याकडचाच, भारतीय वेटर होता. तुम्हाला घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. वडिलांना हा भाग वाचून दाखवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण सरावाच्या वेळी फोनमध्ये पाहत उभ्या राहू नका.

कामाच्या तासांविषयी डायनिंगमधले कोणी लिहील तर बरे. माझा सल्ला एवढाच की, पहिल्या करारात सुपरवायझर थोडे थांबायला सांगेल तर थांबावे, ड्युटीची वेळ संपल्याची नोंद झाली असली तरी. नंतर चांगला सेक्शन देताना तो ते लक्षात ठेवतो.


मांडवीची लेक (वडोदरा) :

मी बडोद्याची. चौथा करार संपवून सध्या घरी आहे आणि डायनिंगमध्येच आहे, म्हणून लिहिते.

काकांचा बाकी सगळा मजकूर अगदी खरा आहे, पण शेवटच्या परिच्छेदाशी मी मुळीच सहमत नाही. नोंद बंद करून काम करत राहणे हे तू कधीही करू नकोस. त्यामागचे गणित समजून घे. नियमानुसार प्रत्येक चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी. ही दहा तासांची विश्रांती जास्तीत जास्त दोन तुकड्यांत देता येते आणि त्यांतला एक तुकडा सलग सहा तासांपेक्षा कमी नसावा. माझा मागच्या कराराचा दिवस असा असे : सकाळी सहाला नाश्त्याची मांडणी, साडेदहाच्या सुमारास सुटका, बाराला दुपारचे जेवण, तीनला सुटका, सव्वापाचला रात्रीच्या पहिल्या बैठकीची तयारी, आठला दुसरी बैठक, आणि सगळे आवरून बाहेर पडायला सव्वाअकरा. रात्रीची पावणेसात तासांची एकच सलग विश्रांती यात मिळते, आणि दुपारचे दोन-सव्वादोन तास धरूनही दहा होत नाहीत. म्हणून ज्या दिवशी रात्र लांबते त्या दिवशी नाश्ता किंवा दुपारचे जेवण यांपैकी एक पाळी काढून टाकावी लागते. तू नोंद न करता पाऊण तास थांबलीस तर कागदावर तुझी विश्रांती पूर्ण दिसते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाची पाळी तुलाच मिळते. सुपरवायझर हे लक्षात ठेवतो हे काकांचे म्हणणे बरोबर आहे. तो तुला थांबणारी मुलगी म्हणून लक्षात ठेवतो आणि आठ महिने थांबवतो. शांतपणे 'माझे तास भरले आहेत' म्हटले की बहुतेक जण पुढे काही बोलत नाहीत, कारण तासांचा घोळ तपासणीत सापडला तर उत्तर त्यांना द्यावे लागते.

सात दिवस काम हे शब्दशः घे. पूर्ण सुट्टीचा दिवस नसतो. एखादी दुपार मिळते आणि ती बंदरात मिळाली तर खाली उतरता येते, तेसुद्धा त्या दिवशी जहाजावर राखीव म्हणून थांबायच्या यादीत तुझे नाव नसेल तरच. कोझुमेलला मी सहा महिन्यांत चौदा वेळा उतरले आणि त्यांतल्या दहा वेळा फक्त चांगले वाय-फाय असलेल्या एका कॅफेत बसून आईशी बोलले. किनाऱ्यावर क्रूची ठरलेली ठिकाणे असतात, ती सगळ्यांना माहीत असतात.

पहिल्या तीन आठवड्यांत खरे हाल झोपेचे आणि पायांचे होतात. समुद्र लागण्याचे मी फार भय घेतले होते. प्रत्यक्षात मोठ्या जहाजावर, तेही खालच्या मजल्यावर, जहाज हलते हे पहिल्या दोन दिवसांनंतर लक्षातही येत नाही. हवा बिघडलीच तर आले, कोरडी बिस्किटे आणि पोट रिकामे न ठेवणे एवढे मला पुरले. पाय मात्र बोलतात. न घसरणाऱ्या तळव्याचे काळे बूट दोन जोड ने, आणि ते इंदुरातच महिनाभर घालून सैल करून घे. एका मोठ्या ट्रेवर दहा-बारा झाकलेल्या ताटल्या रचून गॅलीतून, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरातून, डायनिंगपर्यंत खांद्यावर न्याव्या लागतात. तुझ्या हॉटेलात असे ट्रे असतील तर मागून घेऊन आतापासूनच सराव कर, हसतील ते हसू देत.

दुसरी नवी गोष्ट स्वच्छतेची. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तेथील सार्वजनिक आरोग्य विभागाकडून न कळवता तपासणी होते. जहाजावर सगळे तिला यूएसपीएच म्हणतात. शंभरपैकी ८६ गुण मिळाले तर पास, ८५ ला नापास. धुण्याचे, खळबळण्याचे आणि निर्जंतुक करण्याचे पाणी अशा तीन वेगळ्या बादल्या असतात, आणि थंड पदार्थ ५ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ द्यायचा नाही, गरम पदार्थ ५७ च्या खाली उतरू द्यायचा नाही. कोणत्याही क्षणी कोणीही तुला हे आकडे विचारू शकतो. आकडे इंग्रजीत आणि फॅरनहाइटमध्ये पाठ कर : ४१ आणि १३५. पोट बिघडले तर लपवू नकोस. लपवून काम केलेले आढळले तर ते फार महागात पडते. सांगितले तर डॉक्टर तुला केबिनमध्ये वेगळे ठेवतात आणि दोन दिवस झोप मिळते (हे मी गमतीने लिहीत आहे, पण पूर्ण गमतीने नाही).

केबिन दोघींची, एकावर एक बंक, खिडकी नाही. माझी पहिली सोबतीण इंडोनेशियाची होती, तिची पाळी माझ्याहून वेगळी होती आणि चार महिन्यांत आम्ही दोघी एकाच वेळी जाग्या अशा फार कमी वेळा होतो. पलंगाचा पडदा ओढला की ते तुझे घर. प्रवाशांच्या केबिनमध्ये किंवा त्यांच्याशी खासगी मैत्रीत पाऊल टाकायचे नाही, या नियमात सूट नसते. तेवढ्या कारणाने पुढच्या बंदरात उतरवलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

जेवणाची चिंता करू नकोस. भारतीय क्रू पुष्कळ असल्यामुळे मेसमध्ये रोज भात आणि कुठली तरी आमटीसारखी वस्तू असतेच. तिला डाळ म्हणायचे की नाही हा वेगळा प्रश्न. तुझ्या गावची शेव मात्र सीलबंद पाकिटातली ने. सुटी, घरगुती खाण्याची वस्तू विमानतळावरच्या तपासणीत जाईल.


हिशेबनीस (ग्वाल्हेर) :

नोकरीविषयी मला काही कळत नाही, पण जहाजावर काम करणाऱ्या काही मुलांची विवरणपत्रे मी भरतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. 'जहाजावरचा पगार करमुक्त' हे अर्धेच खरे आहे. परदेशी नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाचे एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षातील भारतातले वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल, तर त्या वर्षासाठी तो अनिवासी ठरतो. अनिवासी खलाशाने परदेशी जहाजावर भारताबाहेर केलेल्या कामाचा पगार केवळ येथील एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांसाठीच्या बँक खात्यात) जमा झाला म्हणून करपात्र होत नाही, हे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ च्या १३ क्रमांकाच्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे.

आता आपला प्रश्न पाहा. आपण ऑक्टोबरच्या शेवटी निघालात तर ३१ मार्चपर्यंत सुमारे १५५ दिवस बाहेर राहाल, म्हणजे भारतातले वास्तव्य दोनशे दिवसांच्या वर जाईल आणि करार आठ महिन्यांचा असूनही या पहिल्या वर्षी आपण निवासीच ठराल. त्या पाच महिन्यांचा पगार विवरणपत्रात दाखवावा लागेल. पुढच्या वर्षी जूनमध्ये परत आल्यावर दुसरा करार केव्हा सुरू करावा, हे याच हिशेबाने ठरवावे. पासपोर्ट आणि सीडीसीवरच्या शिक्क्यांच्या प्रती घरी ठेवून जा. बँकेत खाते उघडण्यासाठी करारपत्राची प्रत लागेल, ते काम निघण्यापूर्वी उरका. जहाजावरून कागद पाठवत बसणे फार त्रासाचे होते.


सुदामानगरची (इंदूर) :

काका, ताई, हिशेबनीस सर, आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिलेत त्याबद्दल मनापासून आभार. एजंटाला आरपीएसएल क्रमांक विचारला, तेव्हा तो प्रथम चिडला आणि मग 'दोन दिवसांत सांगतो' म्हणाला. करारावर ज्या संस्थेचे नाव आहे तिला मीच काल ई-मेल केला. आज उत्तर आले की माझी निवड त्यांच्या यादीत आहे, कोणतेही शुल्क देऊ नये, आणि ज्याने मागितले त्याचे नाव कळवावे. बाबांनी ते उत्तर दोन वेळा वाचले.

आता घरच्यांचे दोन प्रश्न उरले आहेत. बाबांचा प्रश्न : घरी कोणी गंभीर आजारी पडले तर मधेच परत येता येते का? आणि आईचा एक प्रश्न : केबिनमध्ये देवासमोर दिवा लावता येईल का?


रामबागेतला जुना स्टुअर्ड (इंदूर) :

पहिल्याचे उत्तर : येता येते, पण जहाज पुढच्या बंदराला लागेपर्यंत वाट पाहावी लागते, आणि ते दोन-तीन दिवस फार कठीण जातात. करार संपल्यावर किंवा आजारपणामुळे काम करता येत नसल्यास घरी पाठवण्याचा खर्च जहाजाच्या मालकाचा असतो. आपल्या मर्जीने राजीनामा देऊन उतरलात तर तिकिटाचे पैसे पगारातून कापले जाऊ शकतात. घरच्या आजारपणासाठीच्या रजेचे कलम प्रत्येक कंपनीचे वेगळे असते, म्हणून ते करारात कोठे आहे हे सही करण्यापूर्वी शोधा. सही करण्यापूर्वी करार वाचायला आणि कोणाचा सल्ला घ्यायला वेळ मिळणे हा तुमचा हक्क आहे, आणि सही झालेली मूळ प्रत तुमच्याकडेही राहिली पाहिजे. वडिलांकडे कंपनीच्या क्रू विभागाचा आणीबाणीचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा. माझी आई २०११ साली अरविंदो रुग्णालयात भरती होती तेव्हा घरचे तीन दिवस माझ्या मोबाइलवर फोन करत राहिले आणि मी समुद्रात होतो.

तासांच्या बाबतीत बडोद्याच्या ताईंचे म्हणणे मान्य करतो. आमच्या वेळची सवय लिहून गेलो.


मांडवीची लेक (वडोदरा) :

दिवा, उदबत्ती, कापूर, काहीही पेटवायचे नाही. इस्त्री, पाणी गरम करायची कॉइल, एक्स्टेन्शन बोर्ड हेसुद्धा केबिनच्या तपासणीत सापडले की जप्त होतात आणि लेखी ताकीद मिळते. जहाजावर आगीइतकी भीती कशाचीच नसते. बॅटरीवर चालणारी छोटी पणती मिळते, ती मी बंकच्या कोपऱ्यात ठेवते. आईला तिचा फोटो पाठवला तेव्हा तिने 'चालेल' असे उत्तर दिले होते.

आईला हेही सांग की, थंडीत मायामीचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. तू रात्री अकराच्या पुढे मोकळी होशील तेव्हा इंदुरात सकाळचे साडेनऊ-दहा वाजलेले असतील. बाबा तेव्हा कचेरीत असतील तर रविवार ठरवून घ्या.


रामबागेतला जुना स्टुअर्ड (इंदूर) :

एक राहिले. मुंबईहून विमान असेल तर अवंतिका एक्स्प्रेसने आदल्या रात्री निघू नका, दोन दिवस आधी पोहोचा. गाडीला उशीर झाला तर विमान चुकते, आणि विमान चुकले तर जहाज थांबत नाही.